बाईंनी न दिलेले दोन गुण

आज्जी जाऊन सव्वा वर्ष झालं. ओळखीचे लोक म्हणतात, तिच्याबद्दल काहीतरी लिहा, तुम्ही तिचे लाडके. लाडका होतो हे खरं आहे. पण तिनं मला चौथीत नापास केलं होतं हेही खरं आहे, आणि लिहायला बसलो की हात आधी तिकडंच जातो. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

बिद्रीच्या साखर कारखान्याचा भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव. गावातल्या प्राथमिक शाळेत आज्जीनं एकतीस वर्षं शिकवलं. आजोबा लवकर गेले. वडील मळा बघायचे, आई म्हशी बघायची आणि मला बघायचं काम आज्जीकडं. रोज तिचं बोट धरून शाळेला जायचो. शाळेच्या फाटकापाशी आलं की ती बोट सोडवून घ्यायची. आत गेल्यावर ती 'बाई'. घरात 'हाय-न्हाय' बोलणारी माझी आज्जी फाटकातून आत पाऊल टाकलं की 'आहे-नाही' बोलायला लागायची. एकदा वर्गात माझ्या तोंडून चुकून निघालं, "आज्जी, पाणी." तिनं सगळ्या वर्गाला विचारलं, "इथं कुणाची आज्जी आली आहे का?"

पोरं एका सुरात ओरडली, "नाही, बाई."

"मग हा कुणाला हाक मारतोय?"

मी 'बाई' म्हणेपर्यंत मला पाणी मिळालं नाही.

दर सोमवारी ती सगळ्यांची नखं बघायची. ही सवय तिला शेवटपर्यंत राहिली. निवृत्त झाल्यावर घरी कुणी पावणं आलं, मग तो दूध संस्थेचा चेअरमन का असेना, चहाची कपबशी द्यायच्या आधी तिची नजर त्याच्या बोटांवरून फिरायची. काहीजण नकळत हात मागं घ्यायचे. आज्जी गालात हसायची. शेणाचा हात कितीही धुतला तरी नखात काहीतरी राहतंच, त्यामुळं पुढं मी म्हशींच्या धंद्यात पडल्यावर माझी नखं तिला कधीच पसंत पडली नाहीत.

चौथीच्या वार्षिक परीक्षेचे पेपर तिनं घरीच तपासले. घराच्या पुढच्या सोप्यात पोतं अंथरून बसायची, पेपर झाले की गठ्ठा बांधून फळीवर ठेवायची. एकदा ती घरामागच्या परड्यात गेली तशी मी फळीवर चढून गठ्ठा उघडला. गणितात मला तेहतीस होते. पास व्हायला पस्तीस लागायचे. मग बाकीचे पेपर चाळले, तर माझ्याहून वाईट तिघे निघाले. एकाला तीस, एकाला अठ्ठावीस, एकाला तर पंचवीससुद्धा नव्हते. मला हायसं वाटलं. असल्यांना बाई वरच्या वर्गात ढकलतात हे मला माहीत होतं. त्याला आम्ही ढकलपास म्हणायचो. ते तिघे ढकलले जाणार म्हणजे मी ढकलला जाणारच, आणि मी तर घरचा.

एक मेला झेंडावंदन झालं आणि निकाल वाचायला बाई उभ्या राहिल्या. तीसवाला पास. अठ्ठावीसवाला पास. तो तिसरासुद्धा पास. माझं नाव आलं आणि तिनं त्याच आवाजात, जराही न थांबता, नापास म्हटलं आणि पुढचं नाव घेतलं. मी पटांगणात उन्हात उभा होतो. पोरांनी माझ्याकडं वळून बघितलं ते मला आजही दिसतं.

घरी गेलो तर तिनं शेवयांची खीर केली होती. मला आवडते म्हणून. मी वाटी उचलली आणि भिंतीवर मारली. आई काठी शोधायला लागली. आज्जीनं तिला थांबवलं, फडकं घेतलं, भिंत पुसली, जमीन पुसली आणि मला म्हणाली, "भूक लागली की सांग." बास. एवढंच. का केलं, कशासाठी केलं, एक शब्द नाही.

पुढचं वर्ष मी माझ्याहून लहान पोरांत बसलो. जोडीचे पोरगे पुढं गेले आणि मला परत तेच भागाकार. ते तिनं माझ्याकडून घोटून घेतले, नाही म्हणत नाही. पण शाळेवरचं माझं मन उडालं ते उडालंच. नववीत शाळा सोडली आणि पेठ वडगावच्या जनावरांच्या बाजारात एका व्यापाऱ्याच्या हाताखाली उभा राहिलो. आज्जी महिनाभर माझ्याशी बोलली नाही. त्यानंतर एका सोमवारी पहाटे उठून तिनं मला भाकरी बांधून दिली. त्यावरून मी समजलो की तिनं मान्य केलं.

बाजारानं मला जे शिकवलं त्यावर मी उभा आहे. कळंब्याला माझा गोठा आहे, हरियाणातून मुऱ्हा म्हशी आणून विकतो, घर बांधलं, पोरं शिकवली. हे सगळं कुणाच्या कृपेनं झालेलं नाही. माझा राग वाईट आहे हे सगळ्या बाजाराला माहीत आहे, पण सौद्यात मी राग वापरतो, रागाला मला वापरू देत नाही. सौदा अडला की मी दोन गोष्टी करतो. शेवटचा भाव सांगतो आणि उठून चालायला लागतो. हळू चालायचं. मागं वळून बघायचं नाही. समोरच्याला सौदा हवा असेल तर दहा पावलांत, फार तर वीस पावलांत मागून हाक येते, "ओ पावणं, या की परत!" हाक आली की सौदा आपला. नाही आली तर दुसरी म्हैस बघायची. हजार वेळा केलंय हे. क्वचितच फसलंय.

आज्जी एकदाच बाजार बघायला आली होती. आम्ही टॉवेलाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवत होतो, म्हणजे आजूबाजूच्यांना कळू नये. ती माझ्या मागं येऊन उभी राहिली.

"ही काय कॉपी चाललीया?"

"आज्जी, भाव ठरतोय."

"मग फळ्यावर लिवा की मोठ्यानं. फडक्याखाली काय करता चोरावानी?"

समोरचा व्यापारी पोट धरून हसला. त्या दिवशी सौदा माझ्या बाजूनं झाला, तिच्यामुळंच. परत येताना गाडीत तिनं मला भुईमुगाच्या शेंगा सोलून दिल्या आणि म्हणाली, "हिशोब तुझा पक्का हाय बघ आता." मी म्हणालो, "मग दोन गुण द्या की बाई." ती म्हणाली, "त्या वर्षी नव्हता."

असं आमचं चालायचं. वर्षानुवर्षं मी ते दोन गुण मागायचो आणि ती द्यायची नाही. लोकांना ती चेष्टा वाटायची. तिलाही वाटत असावी. मला मात्र प्रत्येक वेळी आत काहीतरी टोचायचं, आणि मी ते कधी कुणाला सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी शाळेनं मला बक्षीस समारंभाला पाहुणा म्हणून बोलावलं. शाळेच्या छताला मी थोडी मदत केली होती. नव्या मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली, "आपल्या बाईंचे नातू, याच शाळेत चौथीत नापास झाले, आणि आज बघा!" टाळ्या पडल्या, हशा पिकला. पहिल्या रांगेत आज्जी बसली होती. तीसुद्धा हसली. मी हार गळ्यात घेऊन बसलो होतो आणि माझे कान तापले होते.

त्याच दुपारी मला हरियाणाला निघायचं होतं. गाडी मारुतीच्या देवळापाशी ठेवून मी घरी गेलो. आज्जी सोप्यात बसून शेंगा फोडत होती. आत आई भाकऱ्या थापत होती.

"हसलीस का?" मी उभ्या उभ्याच विचारलं.

"कवा?"

"मघाशी. सगळ्या गावासमोर."

"चांगलं बोलला की त्यो. नापास हून एवढा मोठा झाला म्हणाला."

"मला नापास कुणी केलं?"

"तेहतीस गुणांनी."

"तीसवाल्याला ढकललंस. अठ्ठावीसवाल्याला ढकललंस. गठ्ठा सोडून मी बगितलंय सगळं."

"चोरून बगितलंस? त्याचं आणि दोन कापायला पायजे हुतं मी."

"आज्जी, चेष्टा नको."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. ती शाळेतल्यासारखं बोलणार असं वाटलं, पण घरातल्यासारखंच बोलली. "त्यास्नी नापास केलं असतं तर त्यांच्या बापांनी दुसऱ्या दिवशी शाळेतनं काढून म्हशीमागं लावली असती. तुला कोण काढणार हुतं? तू माझ्या घरातला. तुला आणि एक वरीस बसवून शिकवता येत हुतं, म्हणून बसवला."

"आणि मी कुठं गेलो? म्हशीमागंच गेलो की!"

यावर ती हसली. खरं सांगतो, वाक्यच हसण्यासारखं होतं, दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मीही हसलो असतो. पण तिच्या हसण्यानं माझं डोकं फिरलं.

"एकदा म्हण. चुकलं म्हण. बाकी काय नको मला."

"चुकलं न्हाई तर कसं म्हणू?"

"मग मी चाललो. तू म्हणशील तवाच ह्या घरात पाय ठेवीन."

शेवटचा भाव सांगितला आणि मी वळलो. अंगात मुरलेलं तेच केलं. हळू चाललो. दारातून बाहेर पडलो, गल्लीला लागलो, मागं बघितलं नाही. दहा पावलं झाली. वीस झाली. पिठाच्या गिरणीपाशी चप्पल नीट करण्याचं निमित्त करून थांबलो. हाक आली नाही. देवळापाशी गाडीत बसलो, चावी फिरवली आणि जोरात गाडी काढली.

आठ महिने मी त्या घरात गेलो नाही. फोनवर आई तिचं नाव काढायला लागली की मी म्हणायचो, "दुसरं काय ते बोल." तिनं परत नाव काढलं की फोन ठेवून द्यायचो. हाक मारायची पाळी आज्जीची आहे, असं मी मनाशी धरून बसलो होतो. तिच्या दारावरनं दोनदा गाडी घेऊन गेलो. एकदा ती बाहेर कट्ट्यावर होती. तिनं मान वर केली. मी गाडी हळू केली, पण थांबवली नाही. ती नुसती बघत राहिली.

नंतर आईचा फोन आला आणि त्या वेळी ती दुसरं काही बोललीच नाही. आज्जीची उजवी बाजू गेली होती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. दवाखान्यातून पंधरा दिवसांनी घरी आणली. डॉक्टर म्हणाले, कळतं सगळं, बोलता येत नाही. आईनं खूण ठरवली. डावा हात हातात घ्यायचा आणि विचारायचं. हो असेल तर आज्जीनं एकदा दाबायचं, नाही असेल तर दोनदा. पाणी पाहिजे? एकदा. दुखतंय? दोनदा, दुखत असलं तरी.

मी रोज जायला लागलो. सकाळी गोठ्यावरचं दूध निघालं की सरळ गावी. तिच्या खाटेशेजारी बसून बाजारातलं सांगायचो. कुठल्या म्हशीनं कुणाला लाथ मारली, कोण व्यापारी कुणाला फसवून गेला. तिच्या तोंडाचा डावा कोपरा हलायचा. आठ महिन्यांचा विषय मी काढला नाही. आजारी माणसापुढं कसला सौदा, असं म्हणायचो, पण खरं कारण वेगळं होतं. आता ती चुकलं म्हणूच शकत नव्हती, आणि मी कशासाठी घराबाहेर राहिलो होतो हे मला स्वतःलाच सांगता येत नव्हतं.

एके दिवशी परड्यात आई धुणं वाळत घालत होती. मी म्हणालो, "एक हाक मारली असती त्या दिवशी तर आलो असतो की मी परत. तिला एक हाक जड झाली."

आईनं हातातलं लुगडं दोरीवर टाकलं आणि माझ्याकडं बघत राहिली. "तुला म्हाईत न्हाई व्हय?"

"काय?"

"तू दारातनं बाहेर पडलास तशी मी हाक मारणारच हुते. आत्याबाईंनी, तुझ्या आज्जीनं, माझं तोंड धरलं. म्हणाल्या, लांबच्या वाटंला निघालाय, जाणाऱ्याला मागनं हाक मारू नये. मी जाते फुडनं."

"फुडनं म्हंजे?"

"ह्या परड्यातनं. ह्या इथनं." आईनं कुंपणाची फट दाखवली. "हिरीच्या कडंनं, देवळाफुडच्या वळणावर निघायचं, म्हंजे तू समोरनं येताना दिसशील. ह्या वयात, चप्पल बी घातली न्हाई. मी मागनं पळाले. आम्ही वळणाशी आलो तवर तुझी गाडी फुडं गेलीवती. धा-बारा पावलं ऱ्हायलीवती बघ. मी म्हटलं, आता तरी मारते हाक. तर म्हणाल्या, नको, आता पाठमोरा झाला."

मी आईवर ओरडलो. आठ महिने का सांगितलं नाहीस म्हणून ओरडलो. शेजारची बाई भिंतीवरून बघायला लागली एवढा ओरडलो. आई शांतपणे म्हणाली, "सांगू कवा? त्यांचं नाव काढलं की फोन ठेवत हुतास तू."

जाणाऱ्याला मागून हाक मारायची नाही, हे मला माहीत नव्हतं असंही नाही. मी हरियाणाला निघतो तेव्हा माझी बायको डबा विसरला तरी मागून हाक मारत नाही, वळसा घेऊन गाडीच्या पुढं येऊन उभी राहते. लहानपणी आज्जीनंच हे मला शिकवलं. आणि मी तिच्याच घरात, तिच्याच दारातून, बाजारातली चाल चालून गेलो आणि मागून हाक यायची वाट बघत गिरणीपाशी उभा राहिलो. तेवढ्या वेळात ती अनवाणी विहिरीच्या कडेनं येत होती. चप्पल नीट करायचं निमित्त आणखी थोडा वेळ केलं असतं, तरी भेट झाली असती.

आई धुणं आटपून चुलीकडं गेली, थोड्या वेळानं मीही आत गेलो. खाटेवर तिच्याजवळ बसलो आणि डावा हात हातात घेतला.

"आज्जी, त्या दिवशी तू वळणावर आलीवतीस?"

तिनं एकदा दाबलं.

इतक्या वर्षांचं सगळं आता माझ्या हातात होतं. एका दाबण्याचा प्रश्न होता.

"चुकलं म्हणायला आलीवतीस?"

तिनं माझ्याकडं बघितलं. थकलेले डोळे, पण नजर तीच, पेपर तपासतानाची. हात दोनदा दाबला. घाईनं नाही. एकदा, मग थांबून दुसऱ्यांदा.

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. बोलता येत नव्हतं, अर्धं अंग गेलं होतं, तरी ही बाई मला ते दोन गुण द्यायला तयार नव्हती.

"मग काय? शिव्या द्यायला?"

दोनदा.

"परत ये म्हणायला?"

ती थांबली. एकदा दाबू की दोनदा असं झालं असावं. बोटं हलली, पण दाबली नाहीत. तिनं मान किंचित वळवली. स्वयंपाकघराकडं. आत तव्यावर भाकरी भाजल्याचा वास येत होता. तेव्हा मला कळलं. त्या दिवशी आई भाकऱ्या थापत होती. मी उपाशी निघालो होतो.

"जेवून जा म्हणायला?"

एकदा. जोरात. डाव्या हातात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

मी आईला ताट वाढायला सांगितलं. तिथंच खाटेजवळ पाट टाकून जेवायला बसलो. भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. आज्जी बघत होती. तिच्या नजरेखाली सगळं ताट संपवावं लागलं. पाणी प्यालो, तेव्हा तिनं डोळे मिटले.

त्यानंतर पाच दिवसांनी, सकाळी, मी गोठ्यावर असताना ती गेली. आईनं फोन केला तेव्हा एका गिऱ्हाइकाशी माझं बोलणं चाललं होतं. तो म्हणाला, "शेठ, बोला शेवटचं." मी सौदा तिथंच सोडून गाडीकडं गेलो. मागून तो हाका मारत राहिला.

अजून मी त्या घरी जातो. आई जेवल्याशिवाय सोडत नाही. कधी कधी जेवता जेवता माझ्या तोंडून निघून जातं, "तरी बी मला ढकलायला पायजे हुतं तिनं." माझं तेच म्हणणं आहे आणि ते बदललेलं नाही. तिचं कारण बरोबर होतं असं मला आजही वाटत नाही. ती असती तर तिनं मला लगेच गप्प केलं असतं. आई तसं करत नाही. ती फक्त म्हणते, "व्हय की," आणि आणखी एक भाकरी ताटात टाकते. मला ते 'व्हय की' नको असतं. मला कुणीतरी नाही म्हणायला हवं असतं.